पाडायला निघालेलं मळ्यातलं घर: निफाडच्या काळ्या जमिनीतलं एक प्रकरण

कादवा नदीच्या काठापासून थोड्या अंतरावर, द्राक्षबागेच्या मधोमध हे घर आहे. आजोबांच्या काळातलं, पाच खणांचं (खण म्हणजे खांबांमधला गाळा), धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर असलेलं. पुढे ओसरी, मधे माजघर, बाजूला स्वयंपाकघर आणि धान्याची खोली, मागे नंतर जोडलेला गोठा. मुलांच्या शाळा-कॉलेजसाठी कुटुंब नाशिकला गेलं आणि घर गड्याच्या ताब्यात राहिलं. ठिबकच्या नळ्या, क्रेट, औषधांचे रिकामे डबे असं सगळं माजघरात साठत गेलं. आता घरातल्या दोन भावांपैकी धाकटे ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि ते, त्यांच्या पत्नी म्हणजे वहिनी आणि ऐंशी पार केलेल्या आई अशा तिघांनी मळ्यात कायमचं राहायला यायचं ठरवलं. सुट्टीपुरतं येऊन राहायचं घर त्यांना नको होतं. बारा महिने राहता येईल, आईंना रात्री उठून सुखरूप संडासला जाता येईल, असं घर हवं होतं.

गावातल्या ठेकेदाराने अर्ध्या तासात निकाल दिला होता: भिंतींना पोट आलंय, खांब कुजलेत, पाडा आणि आरसीसी बंगला बांधा. थोरल्या भावांचंही तेच मत. जुन्या घरांची पाहणी करणारा म्हणून मला बोलावलं ते दुसरं मत घ्यायला. आई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “साहेब, उभं राहील का, तेवढं सांगा.”

जुन्या घराबद्दल असं एका वाक्यात सांगता येत नाही. आधी दोन गोष्टी शोधाव्या लागतात. घराचं वजन कुठून जमिनीत उतरतं, आणि पाणी कुठून घरात शिरतं. हे दोन रस्ते कळले की काय वाचवायचं आणि काय पाडायचं हे बहुतेक आपोआप ठरतं. माझ्या पाहण्यात जी जुनी घरं विनाकारण पाडली गेली, तिथे हे दोन्ही प्रश्न कुणी विचारलेच नव्हते.

वजनाचा रस्ता

जोतं काळ्या दगडाचं, घडीव, अजून शाबूत. त्यावर दोन फूट रुंदीच्या भिंती: खिडकीच्या पायरीपर्यंत दगड-माती, वर कच्च्या विटा. पण धाबं या भिंतींवर नव्हतं. सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर किलचण (लाकडाच्या बारीक चिपांचा थर) आणि त्यावर माती, अशी सगळी मांडणी लाकडाच्या सांगाड्यावर होती. भिंत नुसती आडोशाला. म्हणजे भिंतीला पोट आलं तरी छप्पर लगेच खाली येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दगड-मातीच्या घरांची धास्ती महाराष्ट्रभर बसली आणि ती बिनबुडाची नव्हती. आतला आणि बाहेरचा दगडी थर एकमेकांना न बांधलेल्या रुंद भिंती फाकल्या आणि वरचं मातीचं ओझं माणसांवर आलं. पण त्याच भागात अनेक ठिकाणी भिंती पडल्या आणि लाकडी खण उभे राहिले, हेही तितकंच खरं. त्यामुळे इथे सांगाडा वाचतो का हाच खरा प्रश्न होता.

वरचं ओझं मात्र भयंकर होतं. धाबं गळायला लागलं की उन्हाळ्यात वर आणखी माती टाकायची, ही आपल्याकडची जुनी रीत. पिढ्यानपिढ्या तेच झालं होतं. एका कोपऱ्यात पहारीने भोक पाडून मोजलं तर मातीचा थर चौदा इंच निघाला. दाबलेल्या मातीचं वजन घनमीटरला १,७०० किलो धरलं तर चौरस फुटाला ५५ किलोच्या आसपास भार होतो. पाच इंची आरसीसी स्लॅबचा भार चौरस फुटाला ३० किलोच्या घरात असतो. म्हणजे हे बिचारे खांब जवळपास दोन स्लॅब डोक्यावर घेऊन उभे होते. मुळात एवढी माती घरावर नव्हतीच. चार-सहा इंचांचा थर धाब्याला पुरतो.

खांब कुजल्याचं कारण मात्र वर नव्हतं, खाली होतं. माजघराच्या दारातून जाताना सगळे वाकून जात. घरच्यांची समजूत अशी की पूर्वीची माणसं बुटकी, म्हणून दारं बुटकी. मी उंबरा पाहिला. जुन्या घराचा उंबरा चांगला उंच असतो. इथे तो फरशीच्या जवळजवळ पातळीत होता. याचा अर्थ दार बुटकं नव्हतं, जमीन वर आली होती. एका खांबाभोवतीची शहाबादी फरशी उचकटली. खाली सिमेंटचा थर, त्याखाली भराव, आणि त्या भरावात सात इंच खोल गाडलेला तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड. जुन्या सुताराने खांब दगडावर उभा केला होता तो अशासाठी, की लाकडाचा पाय ओलीपासून आणि वाळवीपासून वर राहावा. पुढे कुणीतरी शेणाची जमीन काढून हौसेने फरशी बसवली आणि सगळ्या खांबांचे पाय ओल्या भरावात पुरले. बारा खांबांपैकी पाच खांबांच्या बुडात टोच्या बोटभर आत जात होता. गुडघ्याच्या वर मात्र प्रत्येक खांब टोच्याला दाद देत नव्हता. ते सागवान अजून दोन पिढ्या सहज काढेल.

पाण्याचा रस्ता

भिंतींना बाहेरून कोंबडी जाळी मारून सिमेंटचा गिलावा केलेला होता, वर ऑइल पेंट. भिंत मजबूत करण्यासाठीच हे केलेलं. हातोडीच्या मुठीने ठोकत गेलो तर निम्म्याहून जास्त ठिकाणी बद्द आवाज. गिलावा सुटून नुसता कवचासारखा उभा होता. एक हातभर तुकडा काढला तर मागची माती मे महिन्यात ओली! हाताने दाबली की आकार घेत होती.

मातीची भिंत जोत्यातून थोडी ओल वर ओढतेच. ती ओल दोन्ही बाजूंनी हवेत निघून जाते, म्हणून भिंत टिकते. माठाला बाहेरून रंग फासला की पाणी गार होत नाही, तसंच इथे झालं: वाट बंद झाल्यावर ओल भिंतीतच थांबली, वर वर चढत गेली आणि आतल्या बाजूने लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागून पोपडे सुटू लागले. आतला दगडी थर बाहेरच्या थराशी बांधणाऱ्या मातीची ताकद गेली आणि भिंतीला पोट सुटलं. म्हणजे ज्या दुरुस्तीने भिंत वाचायची होती तिनेच भिंत खाल्ली. निफाड, सिन्नर, येवल्याच्या पट्ट्यात अशी घरं शेकड्यांनी असतील, आणि अजूनही मिस्त्री पहिला सल्ला सिमेंटचाच देतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वायव्येच्या कोपऱ्यातली तडा वेगळी होती. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली, वर रुंद, खाली बारीक. हे पाया हलल्याचं लक्षण. कोपऱ्याशी खड्डा घेतला. चार फूट काळी माती, मग मुरूम. जुना पाया बरोबर मुरमावर टेकवलेला. त्या माणसांना जमीन कळत होती. पण त्या कोपऱ्यात नंतर न्हाणीघर जोडलं होतं आणि त्याचं पाणी भिंतीलगत उघड्यावर मुरायचं. शिवाय द्राक्षाची पहिली ओळ भिंतीपासून दहा फुटांवर. काळी माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. घराच्या एका अंगाला ठिबकमुळे जमीन बारमाही ओली आणि दुसऱ्या अंगाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. फुगणारी माती जोत्याला बाजूने रेटते. मुरमावर टेकलेला पायासुद्धा अशा ओढाताणीत शांत राहत नाही.

तडेवर काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या, तारीख टाकली. तडा जिवंत असेल तर काच फुटते. यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचं साधन मला माहीत नाही.

दोन ओळींचा वाद

अहवालात मी लिहिलं: घर पाडू नका, गोठा आणि न्हाणीघर पाडा, धाब्याची माती उतरवा, खांबांचे पाय बदला, सिमेंटचा गिलावा काढा, आणि घराच्या पश्चिम अंगाच्या द्राक्षाच्या दोन ओळी काढा.

बाकी सगळं पटलं, ओळींवर अडलं. बाग थोरले भाऊ बघतात. उभी, फळावर आलेली झाडं काढायची म्हणजे द्राक्षवाल्याच्या पोटात गोळा येतोच. ते म्हणाले, “घरासाठी बाग तोडायची असेल तर मग घरच नको. बागेवर तर घर चाललंय.” त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेवटी निर्णय फिरला तो जमिनीच्या कारणाने नाही, वहिनींमुळे. त्यांनी विचारलं, “भाऊजी, ऑक्टोबर छाटणीनंतर ब्लोअर आमच्या खिडकीपासून किती फुटांवरून जाणार?” छाटणीपासून फळ उतरेपर्यंत बागेत फवारण्या चालूच असतात. पश्चिमेला आईंची झोपायची खोली. ब्लोअरचा, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या फवारणी यंत्राचा, फवारा दहा फुटांवर थांबत नाही. त्याच संध्याकाळी थोरल्या भावांनी दोन ओळी काढायचं मान्य केलं, आणि फवारणीच्या दिवशी आधी फोन करायचंही. त्या पट्ट्यात आता शेवगा आणि कढीपत्त्याची दाट रांग आहे, तीही भिंतीपासून लांब आणि ठिबकशिवाय. बागेतल्या घरात राहायला जाणाऱ्या प्रत्येकाने हा फवारणीचा प्रश्न घराच्या नकाशाआधी सोडवावा असं मी आग्रहाने सांगेन. घराची दुरुस्ती पैशाने होते, श्वासाची होत नाही.

कागदांचं थोडक्यात. घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला (घरपट्टीच्या नोंदवहीत) आजोबांच्या नावे होतं, सातबारावर दोघे भाऊ आणि बहीण. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच, त्यामुळे घरावर खर्च करण्याआधी ताईंशी बोलून, घर आणि अंगण कुणाचं, बाग कुणाची, हे नोंदणीकृत कागदावर आणलं. शेतजमिनीवरच्या घराला बँका सहजी कर्ज देत नाहीत, म्हणून काम टप्प्याटप्प्याने, हातातल्या पैशात. आणि घराला स्वतंत्र घरगुती मीटर. शेतीपंपाच्या लाइनवर घर चालवणं नियमात बसत नाहीच, पण ती वीज येते-जाते तिच्या वेळापत्रकाने.

कामाचा क्रम

क्रम हाच या प्रकरणाचा कणा आहे. बहुतेक लोक रंग-गिलाव्यापासून सुरुवात करतात, कारण ते डोळ्यांना दिसतं. आम्ही ते सगळ्यात शेवटी ठेवलं.

दिवाळीनंतर गोठा आणि न्हाणीघर उतरवलं आणि सिमेंटचा गिलावा सोलला. सोलताना घाई चालत नाही. जाळी ओढली की कच्च्या विटा सोबत येतात, म्हणून गडी छोट्या छिन्नीने तुकडे सोडवत गेले. घराभोवती तीन फूट रुंद उताराचा पट्टा केला आणि त्यापलीकडे चर खोदून खडी आणि भोकाचा पाइप टाकला, उतार थेट शेताच्या नाल्याकडे. काळ्या मातीत नुसता चर खोदून भागत नाही. पाणी तिथेच साठलं तर दुखणं वाढतं.

मग खांब. हे काम ज्या सुताराने केलं ते वयस्कर गृहस्थ त्र्यंबक रस्त्यावरच्या एका गावातले. तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू देऊन स्क्रू जॅक लावला. जॅकचा दांडा ते पाव-पाव फेऱ्याने फिरवत आणि प्रत्येक वेळी थांबून कान लावत. सागवान ओरडलं की थांबायचं. जेमतेम पाव इंच तुळई उचलली, खांब मोकळा झाला. कुजलेला बूड कापला, खांब आणि नवा तुकडा दोन्ही अर्धे-अर्धे कोरून एकमेकांवर बसणारा हातभर लांबीचा सांधा केला आणि आरपार गॅल्व्हनाइज्ड बोल्ट घातले. नव्या तुकड्यांचं लाकूड मुद्दाम नाशिकमध्ये उतरवलेल्या एका जुन्या वाड्याचं घेतलं. जुनं सागवान आकसून-फुगून बसलेलं असतं, नवं लाकूड सांध्यात ढिलं पडतं. तळखडे वर घेतले. जमीन पुन्हा खाली नेली, खडीचा थर, त्यावर चुन्याचा कोबा आणि तीच शहाबादी फरशी. आता खांबाचा दगड फरशीच्या वर दिसतो आणि माजघराच्या दारातून ताठ मानेने जाता येतं. वाळवीचं औषध जोत्याच्या कडेने आणि फरशीखाली मारलं ते याच टप्प्यात. फरशी बसल्यावर मारलेलं औषध वरवरचं ठरतं. विहीर जवळ असल्याने किती आणि कुठे मारायचं हे जाणकाराकडूनच ठरवून घेतलं.

द्राक्षाची तोडणी चालू असताना निफाडमध्ये मजूर मिळत नाही, हे गृहीत धरून धाब्याचं काम तोडणी उरकल्यावर ठेवलं होतं. मृगाच्या आत पुरं करायचं ही एकच अट. वरची माती उतरवून चार इंचांवर आणली. सुमारे ५५ टन माती खाली आली, आणि त्या दिवशी मला खरी झोप लागली. तुटलेल्या कड्या बदलल्या, सागाची नवी किलचण घातली. वर हलक्या लोखंडी चौकटीवर पत्रा, आणि पत्रा व धाबं यांच्यामध्ये दीड-दोन फुटांची हवेशीर मोकळी जागा. कौलं सगळ्यांनाच हवी होती, मलाही. पण नोव्हेंबर २०२३ ची गारपीट निफाडने भोगली आहे. बागा झोपवणाऱ्या गारा कौलांना सोडत नाहीत. पत्र्याची चौकट भिंतीवर न टेकवता खांबांच्या रेषेत बांधली, कारण वळवाच्या वाऱ्यात पत्रा खाली दाबत नाही, वर ओढतो. पत्र्याला पन्हळ, पन्हळीचं पाणी गाळून विहिरीत. छत १,४०० चौरस फुटांचं. वर्षाला ५०० मि.मी. पाऊस धरला आणि थोडी घट सोडली तरी ५० हजार लिटरच्या वर पाणी होतं.

भिंतीच्या फुगलेल्या जागा धरून-धरून दगड काढले आणि पुन्हा रचले. बाकी भिंतीत आडवे सुमारे चार-चार फुटांवर, उभे दोन-दोन फुटांवर आरपार भोकं घेऊन त्यात आकड्याची सळई आणि काँक्रीट भरलं, म्हणजे आतला-बाहेरचा थर एकमेकांना बांधला गेला. भूकंपाच्या दृष्टीने भिंतीत हाच सगळ्यात महत्त्वाचा बदल. सिमेंट इथे वापरलं, कारण इथे ते ओलीची वाट अडवत नाही. सिमेंटला माझा विरोध नाही, त्याच्या जागेला आहे.

नवं न्हाणीघर-संडास जुन्या भिंतीला न चिकटवता सहा फूट दूर, स्वतःच्या पायावर बांधलं आणि मधे छपराचा बोळ ठेवला, पायरीशिवाय, कठड्यासह. आई रात्री तिथून एकट्या जातात. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा विहिरीपासून वीस मीटरच्या पलीकडे.

चुना

पावसाळाभर भिंती उघड्या ठेवल्या. हे पचवणं घरच्यांना जड गेलं. पै-पाहुणे येऊन विचारत, काम बंद पडलं का? पण ओली भिंत सुकायला साधारण महिन्याला एक इंच असा ठोकताळा आहे. दोन फुटी भिंत दोन्ही बाजूंनी सुकत असली तरी वर्ष लागणारच. ती झाकली असती तर आधीचीच कथा पुन्हा सुरू झाली असती.

दसऱ्यानंतर चुन्याचं काम घेतलं. चुन्याचा गवंडी मिळत नाही ही तक्रार सगळीकडे आहे. इथे मदतीला आली ती द्राक्षशेती. बोर्डो मिश्रणासाठी (बुरशीवर फवारायचं मोरचूद-चुन्याचं औषध) चुना विरवायची सवय मळ्यातल्या प्रत्येक गड्याला आहे: कळीचा चुना पाण्यात कसा उसळतो, डोळे कसे सांभाळायचे, गाळणी कधी घ्यायची, हे शिकवावं लागलं नाही. विरवलेला चुना टाकीत पाण्याखाली महिनाभर मुरवला. बाहेरच्या गिलाव्याला एक भाग चुना, तीन भाग वाळू आणि विटांची सुरखी (भुकटी) यांचं मिश्रण. नदीची वाळू मिळेना म्हणून क्रश सँड घेतली, पण भुकटी धुऊन काढूनच. आतून पांढरीची (जुन्या गावठाणाची पांढरट) माती, शेण आणि गव्हाचा भुसा. धाब्यावरून उतरवलेली मातीच चाळून वापरली. चुन्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घट्ट व्हायला वेळ लागतो. एक थर, ओली पोती, दिवसांची उसंत, मग दुसरा थर. सिमेंटच्या सवयीच्या मिस्त्रीला हे थांबणं म्हणजे आळस वाटतो. आमच्या मिस्त्रींना पहिल्या भिंतीनंतर पटलं, कारण तिच्यावर केसाएवढीही भेग आली नाही.

खर्चाबद्दल स्पष्ट सांगतो. दुरुस्ती फार स्वस्त पडते असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आरसीसी बंगल्याच्या अंदाजाच्या चार-पंचमांशापर्यंत खर्च गेला. फरक असा की त्यातला निम्म्याहून जास्त पैसा सुतार, गवंडी, गडी यांच्या हातात गेला. बंगल्यात तो सिमेंट-लोखंडात गेला असता.

आज कुटुंब तिथे राहतं. निफाडचा पारा थंडीत पाच अंशांखाली जातो तेव्हा जाड भिंतींनी धरून ठेवलेली ऊब आणि मेमध्ये पत्र्याखालच्या हवेच्या थरामुळे गार राहणारं माजघर, दोन्हीचा अनुभव त्यांनी घेतला आहे. आतला लोणा पूर्व आणि दक्षिणेच्या भिंतींवर परतला नाही. वायव्येच्या तडेवरच्या तीन पट्ट्यांपैकी दोन शाबूत आहेत, सगळ्यात वरची फुटली आहे. काळी माती ठिबकच्या सवयीतून बाहेर यायला आणखी एक-दोन पावसाळे घेईल, म्हणून तो कोपरा मी बाहेरून अजून गिलाव्याशिवाय ठेवला आहे. नवी काच लावली आहे. ती या पावसाळ्यात टिकली तर पुढच्या दसऱ्याला तिथे चुना चढेल, नाही टिकली तर त्या कोपऱ्याचा पाया खालून बांधून घ्यावा लागेल, आणि त्याचे पैसे थोरल्या भावांनी आत्ताच बाजूला काढून ठेवले आहेत.